वनोपज-व्यापाराचे नियमन, राजुरा परिसरातील

टेंभुर्णीची पाने (तेंदूपत्ता), बांबू, डिंक, मोहफुले, इमारती लाकूड इत्यादी वनोपजांची खरेदी, साठवण व वाहतूक यांवरील शासकीय नियंत्रण. महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यात या नियंत्रणाचा इतिहास शेजारच्या तालुक्यांपेक्षा वेगळा आहे. वर्धा नदीच्या उजव्या तीरावरील हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. पलीकडचे बल्लारपूर मात्र मध्य प्रांतात होते.

नदी ही त्या काळी दोन कायद्यांची सीमा होती. पलीकडे १९२७ चा भारतीय वन अधिनियम, तर राजुऱ्याच्या बाजूस निजामी वनकायदा अंमलात होता. त्याची शेवटची आवृत्ती १३५५ फसलीची (१९४५–४६). १८०२ च्या व्यापारी तहान्वये निजाम व कंपनी यांच्या मुलुखांतील व्यापारावरील जकात पाच टक्के ठरली होती. निजामी राज्यात ती वसूल करणाऱ्या खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. चलनही निराळे होते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा हिशेब चाले. काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि तो राजुरा तालुक्यातून जात असल्याने वनमालाला दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. तथापि सीमा ओलांडताना दोन राज्यांचे नियम पाळण्याचे बंधन कायम राहिले. दरबारी भाषा उर्दू असल्याने गोंड व कोलाम संग्राहकांना, किंबहुना अनेक मराठी व्यापाऱ्यांनाही, हुकमाचा मजकूर वाचून घ्यावा लागे. जंगलावरील निर्बंधांविरुद्धचा असंतोष याच आदिलाबाद जिल्ह्यात कुमराम भीमू यांच्या उठावात (१९४०) प्रकट झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन राजुरा तालुका मुंबई राज्यात आला. प्रथम तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ मध्ये चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात समाविष्ट झाला. सीमा बदलली तरी कायदा लगेच बदलत नाही. राज्यपुनर्रचना अधिनियमातील तरतुदीनुसार जुने कायदे बदलले जाईपर्यंत चालू राहिले. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन वनकायद्यांचा अंमल काही काळ होता. भारतीय वन (महाराष्ट्र एकीकरण व सुधारणा) अधिनियमाने (१९६१ चा ६ वा) हा भेद मिटविला.

तेंदूपत्त्याच्या व्यापारात निर्णायक बदल महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियम, १९६९ याने घडविला. मध्य प्रदेशाने असाच कायदा १९६४ मध्ये केला होता. या अधिनियमान्वये क्षेत्राचे घटक पाडले जातात. प्रत्येक घटकासाठी अभिकर्ता नेमता येतो. सल्लागार समितीशी विचारविनिमय करून खरेदीचा दर ठरविला जातो. शासन, त्याचा प्राधिकृत अधिकारी वा अभिकर्ता यांच्याखेरीज इतरांनी पाने खरेदी करणे निषिद्ध ठरते. वाहतुकीस परवाना लागतो. विडी-कारखानदार व निर्यातदार यांस नोंदणी करावी लागते. उन्हाळ्यात तोडलेली पाने संग्राहक सत्तर पानांच्या पुड्यांत बांधून फळीवर आणतो. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. ठेकेदाराच्या मनमानी दरापासून संग्राहकाचे रक्षण हा मक्तेदारीमागील एक हेतू खरा. परंतु तिच्यामुळे स्वतः तोडलेला पाला आपल्या पसंतीच्या गिऱ्हाइकास विकणे हाच अपराध ठरला, हेही तितकेच खरे. खरेदीदार एकच असल्यावर पुडा मोजणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता जाते.

राजुरा परिसरातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात (राष्ट्रपतींचा १९८५ चा आदेश). त्यामुळे पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ तेथे लागू झाला व गौण वनोपजाच्या मालकीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. महाराष्ट्राने १९९७ मध्ये मालकी-हस्तांतरणाचा कायदा केला. प्रत्यक्ष नियम मात्र २०१४ मध्ये झाले. दरम्यान वनहक्क अधिनियम, २००६ याने बांबू व तेंदूपत्ता यांचा गौण वनोपजात स्पष्टपणे समावेश केला.

मालकी मिळाली तरी माल गावाबाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यावयाचा, हा कळीचा मुद्दा शिल्लक राहिला. गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले, तेव्हा त्याला देशात वाट मिळाली. राजुऱ्याजवळच्या गोंडपिंपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच वर्षी केंद्राने वनहक्क नियमांत दुरुस्ती करून परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेने प्राधिकृत केलेल्या समितीकडे सोपविला. ग्रामसभेला आता स्वतः लिलाव करता येतो. त्याबरोबर हिशेब, लेखापरीक्षा व कर यांची जबाबदारीही तिच्याकडे येते. तेंदूपत्त्यावर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर १८ टक्के दराने बसला. तो २०२५ मध्ये ५ टक्के करण्यात आला.