क्रॉकेट आणि ट्रेफॉइल : दोन संज्ञांचा विचार

गॉथिक वास्तुशैलीच्या विवेचनात ‘पर्णालंकार’ ही संज्ञा आपण सरसकट योजतो. परंतु तिच्या पोटात येणाऱ्या दोन अलंकारांची नावे तपासली असता एक चमत्कारिक विपर्यास आढळतो. जो अलंकार वस्तुतः पर्णाकृती आहे, त्याचे नाव पानावरून पडलेले नाही. आणि ज्याचे नाव पानावरून पडले, तो पानातून निघाला असे मानण्यास फारसा आधार नाही.

पहिला अलंकार क्रॉकेट. निमुळत्या मनोऱ्यांच्या कडांवर, शिखरिकांवर आणि त्रिकोणी दर्शनी भागाच्या उतरत्या बाजूंवर ठराविक अंतराने बाहेर झुकलेली, टोकाशी वळलेली दगडी पाने बसवीत, ती ही. फ्रेंच भाषेत त्यांना क्रोशे म्हणतात. क्रोक म्हणजे आकडा. त्याचे हे लघुत्वदर्शक रूप होय. त्याच्याच उत्तरेकडील बोलीतील रूपावरून इंग्रजी शब्द सिद्ध झाला. आपल्या घरोघरी परिचित असलेल्या क्रोशाच्या सुईचे नावही तेच! नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पान नव्हते, आकडा होता. लिंकन कॅथीड्रलच्या ११९२ मध्ये आरंभिलेल्या गायनमंडपातील काही स्तंभांवर क्रॉकेटांच्या उभ्या ओळी आहेत. त्यांत पानाची जात ओळखू येत नाही, वळण तेवढे ठसते. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस साउथवेलच्या सभागृहातील कोरीव कामात ओक, मेपल, हॉथॉर्न ही झाडे स्पष्ट ओळखता येतात. निकोलाउस पेव्हस्नर यांनी १९४५ मध्ये याच पानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. या काळात क्रॉकेटचेही पान फुलत गेले. नाव मात्र आकड्याचेच राहिले.

ट्रेफॉइलची गोष्ट उलट आहे. लॅटिन ‘त्रिफोलियम’, म्हणजे तीन पानांचे, हे त्याचे मूळ. परंतु ही आकृती कंपासाने काढलेल्या तीन वर्तुळखंडांची आहे. शिरा नाहीत, देठ नाही. शिवाय काश्मीरमध्ये ललितादित्याच्या आठव्या शतकातील मार्तंड मंदिरात त्रिदल कमानी आहेत, म्हणजे गॉथिक शैलीच्या उदयापूर्वी सुमारे चार शतके. त्यांचा उगम काही अभ्यासक चैत्यकमानीत, तर काही मूर्तीमागील प्रभावळीत शोधतात. क्लोव्हरच्या पानाची तेथे कोणास गरज भासत नाही.

ट्रेफॉइलमध्ये ख्रिस्ती त्रैक्याचे प्रतीक पाहण्याची प्रथा आहे. तसा अर्थ भाविकांनी लावला असेल, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तोच आकृतीचा उगम मानला, तर त्याच गवाक्षांत त्याच कंपासाने काढलेल्या चतुर्दल व पंचदल आकृतींची उपपत्ती कशी लावावयाची?