डॉ. श्रीराम लागू : शस्त्रक्रियागृह सोडून रंगमंचावर आलेला नट

मराठी रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ अभिनेते डॉ. श्रीराम लागू यांच्या आयुष्याचे १९६९ हे निर्णायक वर्ष होय. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागू यांनी त्या वर्षी वैद्यकीय व्यवसायाला निरोप देऊन पूर्णवेळ नट होण्याचे ठरविले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. नाटकाच्या मिळकतीवर संसार चालविणे त्या काळी नावाजलेल्या नटांनाही कठीण जात असे. हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयातील जोखीम कळते.

लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. वडील डॉक्टर होते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांना नाटकाचे वेड लागले. भालबा केळकर आणि इतर सहकाऱ्यांसमवेत ते 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन'च्या कार्यात रमले. पुढे पुण्यात आणि टांझानियातील टबोरा येथे त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला; कॅनडा व इंग्लंडमध्ये प्रशिक्षणही घेतले.

वसंत कानेटकर यांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकाने त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली. १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आणले आणि गणपतराव बेलवलकर ही भूमिका लागू यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही पुढे ती समर्थपणे साकारली. तरीही तुलना होते ती लागू यांच्याशीच. २०१६ मध्ये महेश मांजरेकर यांच्या चित्रपटात नाना पाटेकर यांनी बेलवलकर रंगविले, तेव्हाही प्रेक्षकांची चर्चा याच वळणावर गेली.

त्याच सुमारास विजय तेंडुलकर यांच्या 'गिधाडे'चे दिग्दर्शन करताना त्यांना सेन्सॉरशी झगडावे लागले. साडीवरील रक्ताच्या लाल डागालाही आक्षेप घेण्यात आला होता.

चित्रपटांत त्यांना पहिले मोठे यश व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'ने (१९७२) मिळवून दिले. तमाशातील नर्तकीच्या मोहात सापडलेला आदर्शवादी शिक्षक, गावाच्या लेखी मृत झालेला, आपल्याच खुनाच्या आरोपात अडकतो. गावात त्याचा पुतळा उभा असतो आणि तो स्वतः ओळख पटवू शकत नाही. ही विसंगती लागू यांनी आरडाओरडा न करता, खचत गेलेल्या देहबोलीतून दाखविली.

त्यांच्या चित्रपटीय अभिनयाचा खरा कस मात्र जब्बार पटेल यांच्या 'सामना'मध्ये (१९७४) लागला, असे म्हणावे लागेल. साखरसम्राट हिंदुराव झालेले निळू फुले आणि बेपत्ता मारुती कांबळेविषयी प्रश्न विचारणे न सोडणारा मद्यपी मास्तर झालेले लागू, ही जुगलबंदी मराठी चित्रपटात पुन्हा क्वचितच पाहायला मिळाली. हा चित्रपट बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत दाखविला गेला. पटेल यांच्याच 'सिंहासन'मध्ये (१९७९) त्यांनी मुख्यमंत्रिपदावर डोळा असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे साकारले.

हिंदीत त्यांनी विपुल काम केले. परंतु न्यायाधीश, डॉक्टर, नायिकेचा पिता अशा साचेबद्ध भूमिकाच अधिक वाट्याला आल्या. 'घरौंदा'साठी (१९७७) त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी'त (१९८२) ते गोपाळ कृष्ण गोखले होते. मराठी-हिंदी मिळून त्यांचे शंभराहून अधिक चित्रपट आहेत.

विवेकवादी म्हणूनही ते परिचित होते. परमेश्वराला निवृत्त करण्याची वेळ आली आहे, या त्यांच्या प्रतिपादनाने मोठा वाद झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यास त्यांनी उघड साथ दिली. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या 'सामाजिक कृतज्ञता निधी'साठी त्यांनी निळू फुले आदी कलावंतांसह 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले.

१९९४ मध्ये धावत्या रेल्वेगाडीवर भिरकावलेला दगड लागून त्यांचा मुलगा तन्वीर याचा मृत्यू झाला. लागू आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दीपा लागू, यांनी त्याच्या स्मरणार्थ रूपवेध प्रतिष्ठानतर्फे 'तन्वीर सन्मान' सुरू केला. तो रंगकर्मींना दिला जातो. वयाची सत्तरी ओलांडल्यावरही 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये ते सॉक्रेटिस म्हणून उभे राहिले. 'लमाण' हे त्यांचे आत्मचरित्र आहे.

पद्मश्री (१९७४) आणि संगीत नाटक अकादमीची फेलोशिप (२०१०) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.