मिठाच्या पाण्याची माणसं

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या ताईंच्या अंगावर एक छोटा बिल्ला असतो, पाहिलाय का? तिच्या अंगाला किती किरण लागले, ते तो बिल्ला सांगतो. चूल तापली की हाताला चटका कळतो. हे किरण ना दिसतात, ना त्यांचा चटका लगेच जाणवतो. म्हणून ते मोजावे लागतात.

त्याचीच ही गोष्ट. १५ ऑक्टोबर १९५८. युगोस्लाव्हिया देशात बेलग्रेडजवळ विंचा गावी एक लहान अणुभट्टी होती, फक्त प्रयोगासाठी. भोवती किरण अडवणारी भिंत नव्हती. त्या दिवशी भट्टीची ताकद हळूहळू वाढत गेली. तीन मापकांपैकी दोन स्थिर होते, तिसरा उड्या मारत होता. तोच बिघडला असं समजून तो बंद केला. खरं तर दोघांची मोजायची हद्दच संपली होती! किरणांमुळे हवेत ओझोन तयार झाला, त्याचा वास आला, तेव्हा कुठे भट्टी बंद झाली. तोवर सहा जणांना किरण लागले होते. त्यांत एक तरुणीही होती.

त्यांना पॅरिसला नेलं. डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना दुसऱ्यांच्या हाडांतला मगज दिला. नात्याचे ना गोत्याचे, असे फ्रेंच लोक तो द्यायला पुढे आले. त्यांत चार मुलांची एक आईही होती. एक रुग्ण दगावला, बाकीचे वाचले. त्या तरुणीला पुढे निरोगी बाळ झालं.

पण कोणाला किती किरण लागले होते? ते नीट कळल्याशिवाय डॉक्टरांना पुढचा धडा मिळणार नव्हता. म्हणून एप्रिल १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने तीच भट्टी पुन्हा चालवली. माणसं जिथे उभी होती, तिथे मिठाचं पाणी भरलेले पुतळे ठेवले. आपल्या रक्तातही मीठ असतं. भट्टीतल्या न्यूट्रॉन कणांमुळे त्यातलं सोडियम स्वतःच किरण सोडू लागतं, आणि ते मोजता येतं. जागोजागी मोजणी झाली आणि कोणाला किती मात्रा लागली, याचा हिशोब जुळला.

मैत्रिणींनो, गटाच्या हिशोबात दोघींचा आकडा एक आणि तिसरीचा वेगळा आला, तर तिला गप्प बसवू नका. वही पुन्हा उघडा.