कलदाराच्या पोटची चूक

नाण्यातल्या चुकीचे कूळ शोधायचे तर आधी ज्या काळात ती चूकच नव्हती, तिथे जावे लागते. शिवराई पाहा. तांब्याच्या चकतीवर ठसा धरून घण मारायचा. चकती लहान, ठसा मोठा. ‘श्री राजा शिव’मधली अक्षरे अर्धीमुर्धी उमटत. एकही शिवराई दुसरीसारखी नसे, म्हणून कुणी तिला सदोषही म्हणत नसे. रुपया असला तर सराफ वजन आणि चांदी पाहून बट्टा कापी, एवढेच.

मग कळ आली. 1835 च्या कायद्याने कंपनीचा 180 ग्रेनचा एकसारखा रुपया निघाला. हाताने नव्हे, यंत्राने पाडलेला, म्हणून तो ‘कलदार’. सगळी नाणी सारखी झाली, तेव्हाच वेगळे नाणे नजरेत भरू लागले.

कलदार मात्र सगळीकडे एकटाच नव्हता. जालन्याचेच पाहा, ते निजामाच्या राज्यात होते. तिथे ‘हाली’, म्हणजे चालू, सिक्का चाले आणि कलदारही. सात हालीला सहा कलदार, असा शेवटच्या काळातला दर होता. पुढे हैदराबादची टांकसाळही यंत्रावर गेली आणि नाण्यावर चारमिनार आला. त्याच्या कमानीत राजाच्या नावाचे आद्याक्षर असे: मीर महबूब अली खान यांचे ‘मीम’, मीर उस्मान अली खान यांचे ‘ऐन’. उस्मान अली 1911 मध्ये गादीवर आल्यावर आधी हे ‘ऐन’ आखूड कोरले गेले, नंतर पूर्ण. संग्राहक त्याला चूक मानत नाहीत. ठसाच वेगळा होता, म्हणून तो ‘प्रकार’. हाली 1959 मध्ये चलनातून गेला.

आजच्या सुट्ट्या पैशांतही चूक आणि प्रकार यांतला हाच भेद ध्यानात ठेवावा लागतो. सालाखाली चांदणी असेल तर नाणे हैदराबादचे, चौकट असेल तर मुंबईचे, ठिपका असेल तर नोएडाचे. खूण नसेल तर कोलकात्याचे. ‘₹’ चिन्ह नसलेले दहाचे नाणेही चूक नव्हे; ते चिन्ह 2010 मध्ये स्वीकारले गेले आणि 2011 पासून नाण्यांवर आले.

खरी चूक पाडण्याच्या क्षणी होते. चकती सरकली की चित्र एका बाजूला जाते आणि चंद्रकोरीसारखी कोरी जागा उरते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्यावर तेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते. याला ‘ब्रॉकेज’ म्हणतात. ठसा फिरला असेल तर तपासणी सोपी आहे. अशोकस्तंभ सरळ ठेवून नाणे वरून-खालून दोन बोटांत धरा आणि आडवे फिरवा. मागची बाजू सरळ दिसायला हवी. ती कलली असेल तर ठसा फिरलेला.

हातोड्याने चेपलेले, कानशीने घासलेले किंवा ॲसिडने खाल्लेले नाणे मात्र टांकसाळीतून बाहेर पडल्यावर बिघडलेले असते. अशा जखमेत ओरखडे दिसतात, धातू ओढलेला असतो. त्याला संग्राहकाकडे किंमत नाही.

जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्या बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे बजावले आहे. लाखोंच्या आमिषाला भुलून कुणाला आगाऊ पैसे देऊ नका. गल्ल्यात वेगळे नाणे सापडले तर चिंच किंवा राख लावून घासू नका. तसेच कागदात गुंडाळा आणि जाणत्या नाणेसंग्राहकाला दाखवा.