दुर्बल हृदयाची घोडदौड

समथर हे एके काळचे बुंदेलखंडातील छोटे संस्थान. आज ते झाशी जिल्ह्यात मोडते. नोकरीनिमित्त ह्या मुलखात आलेल्या मराठी माणसास झाशीचे नाव परके वाटत नाही. त्या झाशीत महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९६८ साली निघाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासांतच दगावला. परंतु निकामी हृदयापुढे हात टेकावयाचे नाहीत, हा निश्चय त्यातून प्रकट झाला.

नवे हृदय थोड्यांच्याच नशिबी असते. इतरांना आपलेच दुर्बल हृदय सांभाळीत जगावे लागते, आणि त्यास आणखी एक धोका असतो. झटक्यानंतर स्नायूवर व्रण राहतो. त्यातून जिवंत तंतूंची एखादी अरुंद वाट उरली, की विद्युत्प्रवाह तटावरील पहारेकऱ्याप्रमाणे तेथेच फेऱ्या घालू लागतो. हृदयाचे खालचे कप्पे भरधाव धडधडतात. रक्त मात्र पुरेसे पुढे जात नाही. ह्यास व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात.

१९६६ साली इस्राएलमधील डॉ. हेलर ह्याच विकाराने वारले. त्यांचे सहकारी मिशेल मिरोव्स्की ह्यांनी त्या दुःखातून शरीरात बसविण्याजोगे, विजेचा धक्का देणारे यंत्र कल्पिले. १९८० साली बाल्टिमोर येथे ते प्रथम मनुष्यदेहात बसविले गेले. यंत्र प्राण वाचविते, पण दौडीचे मूळ उपटीत नाही. वारंवार बसणारे धक्के रोग्यास धास्तावून सोडतात. औषधांवरचा विश्वासही डळमळला. ठोके सुधारणारी काही औषधेच मृत्यू वाढवितात, असे १९८९ साली एका अमेरिकन चाचणीत दिसून आले.

तेव्हा वैद्यांचे लक्ष मुळाकडे वळले. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान ह्यांनी स्वतःच्याच दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली होती. १९८३ साली हार्ट्झलर ह्यांनी तशाच मार्गाने विद्युत्-आघात देऊन ही दौड थांबविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे आघाताऐवजी रेडिओलहरींच्या उष्णतेने ती वाट जाळण्याची सौम्य रीत रूढ झाली. हेच कॅथेटर अ‍ॅब्लेशन.

अतिदुर्बल हृदयाच्या बाबतीत मात्र पंचाईत असते. वाट शोधण्यासाठी दौड मुद्दाम चालू करावी, तर रक्तदाबच कोसळतो. म्हणून ठोके नियमित असतानाच व्रणाचा नकाशा काढतात, किंवा यंत्राने रक्ताभिसरणास तात्पुरता आधार देतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्याने हृदय दुबळे झालेल्या २५९ रोग्यांत, औषधे वाढविण्यापेक्षा अ‍ॅब्लेशनने मृत्यू, वादळी दौड व धक्के ह्यांचे एकत्रित प्रमाण घटले. निव्वळ मृत्यूंत मात्र फरक पडला नाही.

म्हणजे ह्या उपचाराचे देणे आयुष्याच्या लांबीपेक्षा त्याच्या स्वास्थ्यात अधिक आहे. ते थोडे नव्हे. परंतु त्याचा लाभ वेळेवर पोहोचणाऱ्यासच मिळतो. मोठ्या शहरापासून दूर, समथरसारख्या गावी राहणाऱ्याने एवढे तरी ध्यानी ठेवावे, की दुर्बल हृदयाच्या माणसास धडधड होऊन भोवळ आली, तर ती केवळ अशक्तता समजून उद्यावर ढकलू नये.