टँगलूमाचा किनारा

ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहराहून निघालेली बोट सव्वा तासांत टँगलूमाच्या धक्क्याला लागते. मोर्टन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हें विश्रामस्थान. बेट सुमारें ३७ किलोमीटर लांब आणि जवळजवळ सारें वाळूचें. त्यांतील एक टेकडी तर २८० मीटर उंच गेली आहे. मोर्टन हें नांव कॅप्टन कुकच्या १७७० च्या सफरींतून आलेलें. तेथील मूळचे क्वांडामूका लोक बेटाला मुलगुम्पिन म्हणतात, आणि त्यांचा त्यावरील हक्क न्यायालयानें मान्य केला तो २०१९ सालीं!

भोंवतालच्या उपसागरांत कासवें आहेत, समुद्रतळींचें गवत चरणारे ड्यूगाँग आहेत. सायंकाळीं रानटी डॉल्फिन किनाऱ्याशीं येतात आणि पाण्यांत उभे राहून लोक त्यांना हातानें मासे भरवितात. हा क्रम १९९२ पासूनचा. मासे पोटभर मात्र देत नाहींत. शिकारीची संवय मोडूं नये, हा हेतु.

ह्याच किनाऱ्यावर १९५२ पासून १९६२ पर्यंत देवमासे कापण्याचा कारखाना होता.

हंपबॅक जातीचा देवमासा तिकडील हिवाळ्यांत, म्हणजे आपल्या जून-जुलैच्या सुमारास, दक्षिण ध्रुवाकडील समुद्र सोडून क्वीन्सलंडच्या उबदार पाण्याकडे विणीसाठीं येतो. त्याची वाट ह्या बेटाच्या पूर्वेकडून जाते. बाळंतपणासाठीं माहेरीं निघालेल्या लेकीला वाटेंत गांठावें, तसा हा धंदा. शिकारी बोटी तोफेंतून भाला सोडीत आणि मेलेलें धूड ओढीत टँगलूमाला आणीत. तेथें मंचावर चढवून त्याची चरबी सोलीत व उकळून तेल काढीत. अशा तेलाचें मार्गारीन नांवाचें कृत्रिम लोणी होई. ह्या एका कारखान्यांत ६,२७७ हंपबॅक कापले गेले.

कारखाना बंद पडला तो भूतदयेनें नव्हे. मारावयास देवमासेच उरले नव्हते. दर हंगामाला मर्यादा घातलेली होती हें खरें. परंतु ती घालणाऱ्यांना समुद्रांत किती जीव शिल्लक आहेत, हेंच ठाऊक नव्हतें. शिवाय १९५९ ते १९६१ ह्या काळांतील दोन हंगामांत सोव्हिएत जहाजांनीं दक्षिण समुद्रांत सुमारें २५,००० हंपबॅक मारले आणि जगाला फारच थोडे सांगितले. खरे आंकडे बाहेर आले ते १९९० नंतर. टँगलूमाच्या मालकांना आपलें दिवाळें कोणी काढलें, हें त्या वेळीं कळणें शक्यच नव्हतें. अर्थात् त्यामुळें त्यांचे स्वतःचे ६,२७७ कमी होत नाहींत.

दक्षिण गोलार्धांत हंपबॅकच्या शिकारीवर १९६३ सालीं बंदी आली. तेव्हां ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यानें जाणारे कांहीं शेंकडेच वांचले होते. आज ते २०,००० हून अधिक आहेत, आणि २०२२ सालीं ऑस्ट्रेलियानें संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींतून हंपबॅकचें नांव काढलें.

चरबी सोलण्याचा मंच अद्याप टँगलूमाला उभा आहे. हिवाळा लागला कीं तेथून बोटी देवमाशांच्या वाटेकडे निघतात. त्यांत दुर्बिणी घेतलेले प्रवासी असतात.