सालाची सनद

दोन वर्षांपूर्वी, रमजान तोंडावर आलेला असताना, एका मित्रासाठी आम्ही मुंबईत नळबाजाराच्या मागे एका घरी जुनी स्टील गिटार पाहायला गेलो होतो. घर कोकणातल्या मुसलमान कुटुंबाचे, त्यामुळे बोलणे मराठीतच झाले. गिटार घरमालकांच्या मामूंची. मामू फिल्मी स्टुडिओंतून साजिंदे म्हणून वाजवत. त्यांचा इंतकाल होऊन बराच काळ लोटला होता. भाच्याने पेटी उघडली आणि पहिल्याच वाक्यात सांगितले, "एकोणीसशे बत्तीसची आहे. दुनियेतली पहिली इलेक्ट्रिक गिटार." किंमतही त्या सालाच्या हिशेबानेच सांगितली.

मित्राचे डोळे चमकले. आमचे चमकले नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. पण हदीसशास्त्राशी थोडाफार परिचय असलेल्या माणसाला अशा वेळी एक खोड आडवी येते. मुहद्दिसांनी रिवायत हाती आली की दोन गोष्टी तपासल्या: ती कोणाकडून कोणाकडे आली ती सनद, आणि प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे मतन. रावी कितीही सज्जन असला तरी त्यांनी ही तपासणी टाळली नाही. भाचा सज्जन होता, मामूही असतील. तरी गिटार काय म्हणते ते पाहणे भाग होते.

गिटारकडे वळण्याआधी तिच्या कुळाविषयी थोडे. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवर सरकवत वाजवण्याची ही रीत १९व्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचे श्रेय सर्वसाधारणपणे ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. त्यांचा जन्म १८७४चा. मात्र हवाईतच आणखी एक आठवण सांगितली जाते. गेब्रियल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला एक तरुण कोणा जहाजाच्या कप्तानाने पळवून तिथे नेला होता आणि १८८०च्या दशकात तो तारांवर असे काही सरकवून वाजवत असे. आपल्याकडे ही हकीगत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तिला जोड म्हणून विचित्र वीणेचाही दाखला देतात, कारण तीही तारांवर गोटा सरकवून वाजते. पतियाळा दरबारचे उस्ताद अब्दुल अझीझ खाँ सारंगी सोडून तिच्याकडे वळले आणि त्यांनीच तिला मैफलीत बसवले. अब्दुल अझीझ खाँसाहेबांचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण त्यांचा काळ डेव्हियनच्या नंतरचा, आणि डेव्हियनची हकीगत पुष्कळ वर्षांनी सांगितलेल्या आठवणीवर उभी आहे. आपल्या बाजूची आहे म्हणून कमजोर सनद मजबूत होत नाही. आम्ही ती 'असे सांगतात' या दर्जावरच ठेवतो.

केकुकू १९३२ साली अमेरिकेत वारले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधून पहिली इलेक्ट्रिक स्टील गिटार बाजारात आली. जॉर्ज बोशां हा वादक आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबाखर हा धातुकामाचा कारखानदार यांनी ती काढली. अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे, गोल, त्याला लांब दांडा. म्हणून लोकांनी तिचे नाव 'फ्राइंग पॅन' ठेवले. घोड्याच्या नालासारखे दोन लोहचुंबक समोरासमोर बसवलेले आणि तारा त्यांच्या कमानीतून जाणाऱ्या. तारेच्या कंपनाची वीज करण्याची ही युक्ती पुढच्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारांची आई. भाचेसाहेब 'पहिली' म्हणत होते ती ही.

पण पेटीतली गिटार काळी होती. अंगठा जोरात घासून नाकाशी नेला तर औषधी, कार्बोलिकसारखा वास येत होता. म्हणजे बेकेलाइट. इथेच १९३२ निकालात निघाले. अ‍ॅल्युमिनियम रंगमंचावरच्या दिव्यांनी तापते, पसरते आणि लावलेला सूर हलतो. या तक्रारीवर उपाय म्हणून त्याच कारखान्याने बेकेलाइटचे मॉडेल काढले, आणि ते १९३५ साली. अंग आणि मान वेगवेगळी ओतून स्क्रूने जोडलेली, पडदेसुद्धा मानेच्या त्याच साच्यातले. हे सगळे आमच्या पुढ्यात होते. १९३२ची बेकेलाइट गिटार असूच शकत नाही.

मग कधीची? साल शोधताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: ही वस्तू कशाच्या आधीची नाही, आणि कशाच्या नंतरची नाही. पहिल्याचे उत्तर बहुधा सापडते, दुसरे झगडायला लावते. डोक्यावरच्या पट्टीचेच घ्या. बोशांला पेटंट मिळाले १० ऑगस्ट १९३७ रोजी, क्रमांक २०८९१७१. ज्या पट्टीवर हा क्रमांक छापलेला आहे ती त्या तारखेआधीची नाही, हे पक्के. उलट 'पेटंट मिळायचे आहे' असा मजकूर दिसला तर गिटार त्याआधीचीच, असे मात्र म्हणता येत नाही. कारखान्यात जुन्या पट्ट्या उरतात आणि कारखानदार त्या फेकून देत नाही. नावाच्या स्पेलिंगचेही तसेच. जुन्या पट्ट्यांवर ते 'एच' घालून, जर्मन वळणाने लिहिलेले असते. आज माहीत असलेले 'के'चे स्पेलिंग पुढचे. आमच्या पुढ्यातल्या पट्टीवर 'एच' होता. भाच्याला ही छपाईची चूक वाटत होती आणि तो ती लपवायला पाहत होता! अस्सलपणाची खूणच तो ऐब समजत होता.

खरा निवाडा लोहचुंबकांनी केला. महायुद्धापूर्वीचे नाल दीड इंच रुंद, युद्धानंतरचे सव्वा इंच. पाव इंचाचा हा फरक जाणकार बाजारात फार मोठा मानतात. रुंद नालांचा आवाज अधिक भरीव, असा वादकांचा अनुभव, आणि किंमतही त्याप्रमाणे. आम्ही शिंप्याची टेप लावली. सव्वा. पुन्हा लावली. सव्वाच. अंगावरच्या झाकणपट्ट्याही चकचकीत क्रोमच्या नसून पांढऱ्या रंगाच्या होत्या. तीही नंतरच्या काळाची खूण. म्हणजे युद्ध संपल्यानंतरची.

मग परवानगी घेऊन मागची पट्टी उघडली. आत आवाज कमीजास्त करणारा पॉट असतो. युद्धोत्तर अमेरिकी पॉटच्या पाठीवर बहुधा आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे शिकागो टेलिफोन सप्लाय, ३०४ स्टॅकपोल, १३४ सेंट्रालॅब. शेवटचे दोन आकडे वर्षातला आठवडा, आणि त्यांच्या आधीचा आकडा साल. जुन्या पॉटवर सालाचा एकच आकडा असतो, त्यामुळे दशक आपण ओळखायचे. आमच्या पॉटवर १३४, मग ८, मग १४. म्हणजे १९४८चा, नाहीतर १९५८चा चौदावा आठवडा. शिवाय हे साल पॉटचे. गिटार त्यानंतर केव्हाही जुळवलेली असू शकते, किंवा पॉटच नंतर बदललेला असू शकतो. म्हणून डाग पाहायचा. मूळ डाग जुनाट, राखाडी आणि सगळीकडे एका हाताचा दिसतो. नंतरचा चकाकतो, वायरचे कापडी आवरण जळालेले असते. इथला डाग जुना होता.

रिकेनबाखर सोडून इतर गिटारांना या खुणा चालत नाहीत, हे सांगायला हवे. १९२७ साली निघालेल्या नॅशनलच्या तीन-शंकूंच्या गिटारांचे अंग जर्मन सिल्व्हरचे. खिशातला साधा चुंबक लावा. तो चिकटला तर सांगणारा चुकतो आहे. त्याच कंपनीच्या ताडामाडांची नक्षी असलेल्या स्वस्त मॉडेलला सुरुवातीला पोलाद आणि मग पितळ वापरले, त्यामुळे सुरुवातीच्या गिटारांना चुंबक चिकटणे साहजिक. आपल्याकडच्या बहुतेक 'हवाईयन' गिटारी तर साध्या गिटारच्या तारा उंच करून बनवलेल्या असतात. मान चौकोनी की गोल, एवढे पाहिले तरी पुरे. आणि नाव अक्षर अक्षर वाचावे. अमेरिकेची गिब्सन वेगळी, कोलकात्याची गिवसन वेगळी. दोन्ही आपापल्या जागी ठीक, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

तर गिटार १९४८च्या आधीची नाही. नंतरची हद्द अजून मोकळी होती, आणि पॉटवरचा तो एकटा ८ आम्हाला छळत होता. आम्ही विचारले, "मामूंचा हिच्यासोबतचा एखादा फोटो?" भाच्याने आतून फोटो आणला. मंचावर मामू, मांडीवर गिटार, मागे फोटो स्टुडिओचा शिक्का आणि साल १९५४. भिंग लावले. गिटारच्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला दिसत होता. पेटीतल्या गिटारचाही तोच कोपरा तसाच उडालेला, नंतर काळ्या लाखेने भरलेला. फोटोतली आणि पेटीतली गिटार एकच, आणि ती १९४८ ते १९५४च्या दरम्यानची.

अशी गिटार मुंबईत आली यात नवल नाही. हवाईचे वादक आशियाभर दौरे करत. ताऊ मोए यांचे कुटुंब तर १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिले होते. तिथे या वाद्याने असे मूळ धरले की काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध (१९३१–१९७४) हे वडिलांची गीते हवाईयन गिटारवर वाजवत. इकडे मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांची गिटार चित्रपटसंगीतात घराघरांत पोचली. आपल्या घरांतून वाद्य जायज की नाजायज हा वाद चालू असतानाच मामूंसारखी माणसे पहाटेची नमाज पढून रेकॉर्डिंगला जात होती. त्यांची नावे तबकड्यांवर आली नाहीत. त्यामुळे त्यांच्या वाद्यांचे तरी साल नीट लागावे, असे आम्हाला वाटते.

भाचा गप्प झाला होता. मामूंना कोणी खोटे म्हणत आहे, असे त्याला वाटले असावे. आम्ही विचारले, "मामू नेमकं काय म्हणायचे? त्यांचे शब्द आठवा." तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "म्हणायचे, ही बत्तीस साली निघाली."

निघाली! मामू गिटारच्या जातीचा जन्म सांगत होते आणि तो बरोबर होता. भाच्याने ते पेटीतल्या गिटारचे साल समजले. रावी सच्चा, शब्दही तेच, फक्त ऐकणाऱ्याने 'ही' म्हणजे कोण ते बदलले.

आता प्रश्न मित्राचा होता. त्याने बाहेर जिन्यात आम्हाला हळूच म्हटले, "युद्धापूर्वीची नाही एवढंच सांगू या, टवका दाखवून आणखी उतरवू या." आम्ही नकार दिला. विकणाऱ्याने ऐब सांगावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. घेणाऱ्याने गुण लपवू नयेत, हे तिच्यातच येते. आत जाऊन भाच्याला तिन्ही गोष्टी सांगितल्या: साल १९३२ नाही, गिटार मात्र अस्सल आणि तिचा 'एच' खरा, आणि फोटोमुळे तिची किंमत वाढते, म्हणून तो गिटारसोबत द्यायचा असेल तर वेगळे पैसे घ्यावेत. मल्टीमीटर लावून कॉइल जिवंत असल्याचेही त्याच्यासमोर पाहिले.

दोन दिवसांनी सौदा झाला. आकडा आधीच्यापेक्षा बराच खाली, पण मित्राच्या मनातल्यापेक्षा वर. पावतीवर '१९४८ ते १९५४, खालचा कोपरा दुरुस्त केलेला' असे लिहिले. मूळ फोटो भाच्याने दिला नाही, त्याची प्रत दिली. जोडीला मामूंचा अ‍ॅम्प्लिफायर फुकट दिला. मित्र उत्साहाने भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग घालणार, तेवढ्यात आम्ही मागची पट्टी वाचली: ११० व्होल्ट. आपल्या २३० व्होल्टवर तो एका क्षणात जळाला असता. गिटार त्या दिवशी मुकीच राहिली. दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणला, मग वाजली.